अमावास्येच्या रात्रीची काठीमाणसं

२०२३च्या हॅलोविनला आमच्या गल्लीच्या टोकाला एक काठीमाणूस दिसला होता. अंधारात नुसत्या हिरव्या रेघा. एक गोल डोकं, एक पाठ, दोन हात, दोन पाय. त्या रेघा चालत जवळ आल्या, तेव्हा आत सात-आठ वर्षांचा मुलगा आहे हे कळलं. रेघा म्हणजे काळ्या कपड्यांवर लावलेल्या ग्लो स्टिक, मोडल्या की अंधारात चमकणाऱ्या प्लास्टिकच्या काड्या. धाकटा माझ्या मागं लपला आणि थोरली जागेवर खिळून बघत राहिली. तिनं ते वर्षभर मनात धरून ठेवलं असणार. ५ ऑक्टोबर २०२४च्या शनिवारी, घरात घट बसून दोन दिवस झाले होते, ती वहीचं पान घेऊन आली. त्यावर दोन काठीमाणसं काढलेली होती, एक मोठा आणि एक छोटा. "आई, या वर्षी आम्ही दोघं हे होणार."

ती तेव्हा आठ वर्षांची होती, तो पाच. आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. आजवर दोघांचे हॅलोविनचे पोशाख दुकानातून आणले होते, आणि मला शिवणकाम म्हणाल तर बटण लावण्यापुरतंच येतं. मी शोधलं तेव्हा तयार पोशाखांचे सुंदर फोटो खूप मिळाले. पण चिकटपट्टी का निघते, काड्या नेमक्या किती लागतात, मुलानं काडी चावली तर काय करायचं, हे एका जागी कुठंच नव्हतं. म्हणून सगळं तारखांसकट लिहून ठेवतेय.

पहिली अडचण शाळेची. ७ तारखेला हॅलोविन परेडबद्दल शाळेचं पत्र आलं. मुखवटे नकोत, खेळण्यातली शस्त्रं नकोत, आणि आत द्रव असलेलं काही नको, त्यात ग्लो स्टिकचं नाव स्पष्ट लिहिलेलं. थोरलीचा चेहरा उतरला. मी शिक्षिकेला मेल केला: काळ्या कपड्यांवर चंदेरी परावर्तक पट्टीनं आखलेला काठीमाणूस चालेल का? दोन दिवसांनी उत्तर आलं, चालेल, पण पट्टी कपड्यावर पक्की हवी आणि चेहरा मोकळा हवा. ते उत्तर मी जपून ठेवलं आणि परेडच्या दिवशी त्याची छापील प्रत दप्तरात घातली. कुणी विचारलं नाही, पण मुलीला त्या कागदाचा धीर होता. तुमच्या मुलांच्या शाळेत असं काही असेल तर कपडे घेण्याआधी विचारा. आमचा अर्धा आराखडा त्या एका उत्तरावर ठरला: दिवसा पट्टी, रात्री काड्या, कपडे तेच.

आणि ती पट्टी रात्रीही उपयोगी पडणार होती, हे मला नंतर सुचलं. काळे कपडे घातलेलं मूल अंधाऱ्या रस्त्यावर गाडीवाल्याला दिसत नाही. ग्लो स्टिक बघणाऱ्याचं लक्ष वेधते, पण जवळजवळ सगळ्या फोटोंत त्या फक्त पुढच्या बाजूला होत्या. मूल पाठमोरं वळलं की नाहीसं. म्हणून मी ठरवलं, पाठीवरही काड्या लावायच्या आणि पट्टी काढायची नाही.

कपडे जुन्या कपड्यांच्या दुकानातून आणले. टोपीचे दोन काळे हुडी चार-चार डॉलरना आणि दोन काळ्या पँट सहा-सहा डॉलरना मिळाल्या. पुढं चेन असलेले हुडी घेऊ नका, कारण काठीमाणसाच्या धडाची उभी रेघ बरोबर चेनवर येते. कापडावर काहीही छापलेलं नसावं आणि टोपी चेहऱ्याभोवती नीट बसणारी असावी. परावर्तक पट्टी नऊ डॉलरची.

ग्लो स्टिक मी ९ तारखेला ऑनलाइन मागवल्या. वीतभर लांबीच्या, म्हणजे आठ इंची शंभर काड्या, बारा डॉलर. १५ला आल्या. डबा कपाटावर ठेवून दिला आणि रंगीत तालीम १९च्या शनिवारी करायची ठरवली. ही तालीम मी टाळणार होते, काड्या वाया जातील म्हणून. नवरा म्हणाला, करूच. पुढचं सगळं त्या तालमीमुळं वाचलं.

तळघरातले दिवे घालवले, थोरलीला हुडी चढवला आणि पारदर्शक चिकटपट्टीनं काड्या लावायला घेतल्या. डोक्याला तीन काड्या जोडून गोल, धडाला दोन, प्रत्येक हाताला दोन, प्रत्येक पायाला दोन. तेरा काड्या. लावून होईतोच पहिली सुटली. हुडीचं कापड लवदार असतं, चिकटपट्टी लव उपटून घेते आणि गळून पडते. रुंद पट्टी वापरून पाहिली, तीही कोपर वाकवलं की सुटायची. त्यातून काड्याच मंद निघाल्या. निळ्या आणि जांभळ्या तर दहा फुटांवरून दिसेनात. वेष्टन उलटून पाहिलं तेव्हा तारीख दिसली, माल जुना होता. ही तारीख आधी बघा. मी विक्रेत्याला लिहिलं, त्यांनी अंधाऱ्या खोलीतला व्हिडिओ मागितला, मग काड्या कधी मोडल्या ते विचारलं. पैसे पाच दिवसांनी परत आले. तोवर मी जवळच्या पार्टीच्या सामानाच्या दुकानातून चौदा डॉलरना शंभर नव्या काड्या आणल्या होत्या, सगळ्या हिरव्या आणि पिवळ्या.

त्याच संध्याकाळी, मी थोरलीच्या पायाशी बसलेली असताना, धाकट्यानं एक काडी दातानं मोडली.

मला आवाज आला नाही. थोरली म्हणाली, "आई, त्याची जीभ बघ." जीभ, खालचा ओठ आणि हनुवटी हिरवी चमकत होती. तळघरातल्या काळोखात ते चमकणारं तोंड आणि त्याचे घाबरलेले डोळे मला अजून दिसतात. काडीच्या आत काचेची पातळ नळी असते हे मला माहीत होतं, म्हणून पहिलं मनात आलं ते काच. नवऱ्यानं दिवा लावून टॉर्चनं तोंड पाहिलं. प्लास्टिकला छोटी चीर गेली होती, काच आतच होती.

मी पॉयझन कंट्रोलला, म्हणजे विषबाधेवर सल्ला देणाऱ्या हेल्पलाइनला, फोन लावला. अमेरिकेत हा क्रमांक सगळीकडे एकच आहे, १-८००-२२२-१२२२, फुकट आणि चोवीस तास. आता तो आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. पलीकडच्या बाईंनी वय विचारलं, वजन विचारलं, वेष्टनावर काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं, श्वास नीट आहे का, खोकतोय का, काच गिळल्याची शंका आहे का, ते विचारलं. त्यांच्या आवाजात जराही घाई नव्हती आणि त्यानं माझे हात थरथरायचे थांबले. त्यांनी सांगितलं की एवढ्याशा द्रवानं सहसा मोठा अपाय होत नाही. तोंड चुरचुरतं, चव वाईट असते, एखादी उलटी होऊ शकते. ओल्या फडक्यानं जीभ पुसा, चूळ भरायला लावा, थंड काहीतरी प्यायला द्या, हात धुवा म्हणजे डोळ्याला लागणार नाही. डोळ्यात गेलं तर कोमट पाण्यानं पंधरा मिनिटं डोळा धुवायचा. हॅलोविनच्या दिवसांत असे फोन त्यांना नेहमी येतात, असंही म्हणाल्या. बोलणं सहा-सात मिनिटांचं झालं. तासाभरानं त्यांनी आपणहून फोन करून चौकशी केली. तोवर धाकटा दूध पिऊन झोपला होता आणि मी त्याच्या उशाशी बसून होते.

रात्री मला वाटलं की हे सगळं सोडून द्यावं, तयार पोशाख आणावेत. सकाळी तो उठला आणि पहिलं वाक्य बोलला, "मी आता काडी चावणार नाही, पण मी काठीमाणूस होणार ना?" त्यानंतर नियम ठरला की काडी फक्त मोठ्यांनी मोडायची, आणि मोडलेली गळत नाही ना हे कागदी रुमालानं पुसून बघायचं.

२० तारखेच्या रविवारी सांगलीला आईला व्हिडिओ कॉल लावला. चिकटपट्टीचं रडगाणं ऐकून ती म्हणाली, "अगं, चिकटवतेस कशाला? ब्लाउजला हुकासाठी दोऱ्याची घरं करतात ना, तशी कर. घरात काडी ओवायची. मोठी घरं, सैल." मला ती घरं करता येत नव्हती. तिनं जुना ब्लाउज कॅमेऱ्यासमोर धरला आणि दाखवलं: दोन टाके एकमेकांवर सैल टाकायचे, म्हणजे कमान होते, मग त्या कमानीभोवती सुई फिरवत दोरा गुंडाळायचा. पहिलं घर करायला मला बारा मिनिटं लागली आणि ते सुटलं. तिसरं जमलं. प्रत्येक काडीला दोन घरं, टोकांपासून बोटभर आत. दोन काड्या शेजारी-शेजारी मावतील एवढी मोठी, कारण तालमीत कळलं होतं की एक काडी लांबून अगदीच बारीक दिसते.

हिशेब असा बसला. डोक्याला तीन. पुढच्या बाजूच्या बाकी दहा जागांना दोन-दोन, म्हणजे वीस. पाठीमागं कण्याला दोन आणि पायांना चार, एकेरी. एका मुलाला एकोणतीस, दोघांना अठ्ठावन्न. घरं मात्र प्रत्येकी बत्तीस, डोक्याचा गोल सोडून. तो मी टोपीच्या कडेला चार जागी काळ्या दोऱ्यानं सैल टाचला आणि काड्यांचे सांधे तेवढे चिकटपट्टीनं पक्के केले, कारण सोबत आलेल्या प्लास्टिकच्या जोडण्या ओढ लागली की निसटतात. प्लास्टिकवर चिकटपट्टी छान बसते.

चौसष्ट घरं करायला मला सहा रात्री लागल्या. मुलं झोपली की मी बसायचे, कधी आई पलीकडं फोनवर असायची, तिथं सकाळ. ती चहा घेत गप्पा मारायची, मी सुई ओढायचे. लग्नानंतर इतका वेळ आम्ही दोघी एकत्र बसल्याचं मला आठवत नाही. एक गोष्ट जपा, कोपर आणि गुडघ्यापाशी दोन बोटं मोकळी सोडा. नाहीतर मूल बसू शकत नाही, आणि बसलं तर काडी घरातून निघते.

२६च्या शनिवारी थोरलीला तीन काड्या देऊन एक प्रयोग करू दिला. मी मोडून दिल्या, तिनं एक कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवली, एक टेबलावर, एक फ्रीजरमध्ये. कोमट पाण्यातली सगळ्यांत झगझगीत झाली आणि झोपायच्या वेळेला विझत आली. फ्रीजरमधली एकदम मंद, पण सकाळी बाहेर काढून हातात धरली तर पुन्हा उजळली. आतलं कारण मी तिला असं सांगितलं: काचेच्या नळीत हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, बाहेर दुसरं रसायन आणि रंग. काच फुटली की दोन्ही मिसळतात आणि त्या क्रियेतून निघालेली ऊर्जा रंग उजेडाच्या रूपात बाहेर टाकतो. उष्णता मिळाली की क्रिया वेगानं होते, म्हणून उजेड जास्त आणि लवकर संपणारा. थंडीत उलट. या प्रकारच्या क्रियेतला मंद उजेड एडविन चँड्रॉस या शास्त्रज्ञानं साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाहिला तो मरे हिलच्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत, म्हणजे आमच्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर. पुढं अमेरिकन सायनामिड कंपनीतल्या मायकेल राउहट आणि सहकाऱ्यांनी तो उजेड वापरण्याजोगा प्रखर केला. थोरलीनं नकाशावर मरे हिल शोधून त्याभोवती हिरवा गोल केला.

मग आला गुरुवार, ३१ ऑक्टोबर. त्या वर्षी आमच्याकडे तो दिवस तीन सणांचा होता. पहाटे नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान, आणि इथल्या वेळेनुसार सकाळी सव्वासहानंतर अमावास्या लागत असल्यानं लक्ष्मीपूजनही त्याच संध्याकाळी. सांगलीला ते दुसऱ्या दिवशी होतं. त्यात हॅलोविन. साडेपाचला उटणं लावून आंघोळी झाल्या, कारीट इथं मिळालं नाही. शाळेत दीड वाजता परेड झाली, चंदेरी पट्टीची काठीमाणसं उन्हात चमकली आणि शिक्षिकेनं थोरलीला पट्टी कशी आखली ते वर्गात सांगायला लावलं.

एक गोष्ट मी गृहीत धरली नव्हती, ती हवा. ऑक्टोबर संपताना इथं स्वेटर लागतं, म्हणून मी हुडी एक माप मोठे घेतले होते, आत गरम कपडे मावावेत म्हणून. त्या दिवशी दुपारी पारा ऐंशी फॅरनहाइटच्या आसपास होता. न्यू जर्सीच्या नोंदींतला तो सर्वांत कोरडा महिना ठरला, राज्यभर वणव्याच्या भीतीनं उघड्यावरच्या आगीवर निर्बंध होते. त्यामुळं अंगणात तेलाच्या पणत्या न लावता बॅटरीच्या लावल्या. मुलांना हुडीच्या आत फक्त बनियन घातलं आणि पाण्याची बाटली सोबत घेतली. प्रयोगावरून थोरलीच म्हणाली, "आज गरम आहे, काड्या उजळ होतील पण लवकर संपतील. उशिरा मोड." म्हणून घरोघरी चॉकलेटं मागायला जायच्या अगदी आधी मोडायच्या ठरल्या.

दुपारीच सगळ्या काड्या न मोडता घरांत ओवून ठेवल्या होत्या. सूर्यास्त पाच वाजून त्रेपन्न मिनिटांनी. सव्वासहाला दोघांना कपडे चढवले. चढवताना धाकट्याच्या पायाच्या दोन काड्या आपोआप मोडल्या, म्हणून पँट घालताना घाई करू नका. मग दोघं हात पसरून उभी राहिली आणि आम्ही दोघांनी एकेक जोडी कापडासकट अंगापासून दूर ओढून जागेवरच मोडली. नडगीवर दाब येऊ द्यायचा नाही. कट, कट, कट. धाकटा प्रत्येक आवाजाला मोजत होता. दोन काड्या उजळल्याच नाहीत, त्या बदलल्या. सगळं मिळून अकरा मिनिटं.

दिवाणखान्यातला दिवा घालवला, आणि कुणी काही बोललंच नाही. समोर दोन माणसं होती, एक मोठं, एक छोटं, वहीतल्या त्या पानासारखी. मग छोट्यानं हात हलवला.

बाहेर अमावास्येचा अंधार होता, चंद्राचा प्रश्नच नव्हता. हिरवा रंग चौथ्या-पाचव्या घरापासूनही दिसायचा. शेजारच्या आजी दारात आल्या आणि छातीला हात लावून हसल्या. गाड्या कोपऱ्यावर हळू व्हायच्या, दिव्यांच्या झोतात परावर्तक पट्टी पांढरी उठायची आणि तेव्हा मला त्या नऊ डॉलरचं मोल कळलं. आम्ही दोघं एक पुढं, एक मागं चाललो. रस्त्यावर एक लहान मुलगा धाकट्याला बघून आईच्या मागं लपला. धाकटा थांबला, टोपी मागं सारून त्याला चेहरा दाखवला आणि आपल्या पिशवीतलं एक चॉकलेट दिलं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

वाटेत थोरलीच्या उजव्या कोपराची जोडी एकदा निसटली. खिशात सेफ्टी पिना आणि पाच जादा काड्या होत्या, त्या लागल्या. तासाभरानं उजेड किंचित उतरला, पण सव्वासातला परत फिरलो तेव्हाही दोघं लांबून स्पष्ट दिसत होती.

साडेसातला हातपाय धुऊन मुलं पूजेला बसली, अंगात तेच कपडे. मी बदला म्हणणार होते, पण म्हटलं नाही. चौरंगावर लक्ष्मी, लाह्या-बत्तासे, झाडू, समईचा पिवळा उजेड आणि शेजारी हिरव्या रेघांची दोन मुलं मांडी घालून. आरतीच्या वेळी धाकट्याचे हात टाळ्या वाजवताना दोन हिरव्या रेघा जवळ यायच्या आणि दूर जायच्या.

रात्री काड्या काढून पिशवीत भरल्या आणि नेहमीच्या कचऱ्यात टाकल्या. रिसायकलिंगच्या डब्यात नाही, आणि कापायच्या तर मुळीच नाहीत, आत काच असते. एकूण खर्च त्रेचाळीस डॉलर आणि वर थोडा कर. कपडे थंडीत शाळेला वापरता येतील, घरं कात्रीनं काढली की झालं. अजून काढलेली नाहीत.

१ नोव्हेंबरला शाळेला दिवाळीची सुट्टी होती. सकाळी साडेआठला आईचा व्हिडिओ कॉल आला, तिकडं संध्याकाळ, तिच्या चौरंगावर पूजा मांडलेली. थोरली धावत जाऊन फ्रीजर उघडून एक काडी घेऊन आली. रात्री कुणालाही न सांगता तिनं ती आत ठेवली होती, आजीसाठी. खिडकीतून ऊन येत होतं, त्यात काही दिसेना. दोघांनी फोन घेतला, कपड्यांच्या कपाटात शिरली आणि दार आतून ओढून घेतलं.

मी बाहेर उभी होते. आतून धाकट्याचा आवाज आला, "आजी, आता दिसतंय?"

"दिसतंय रे," आई म्हणाली. "जरा हलव बघू."